पहिल्या क्षणी हात कुठे जातो

श्रोतेहो, नमस्कार. स्वयंपाकघरातल्या सुरक्षिततेविषयी आज तुमच्याशी बोलायचे आहे. तेल पेटले, हात भाजला, गॅसचा वास आला किंवा सुरी निसटली, की विचार करण्याआधीच आपला हात पुढे होतो, आणि पुष्कळदा तो चुकीच्या दिशेने जातो. पेटलेल्या तेलावर आपण पाणी ओततो, भाजलेल्या बोटावर बर्फ धरतो, गॅस बाहेर जावा म्हणून पंख्याचे बटण दाबतो, पडणारी सुरी अधांतरी झेलायला बघतो. या सगळ्यामागचा हेतू चांगलाच असतो, पण त्यामुळे इजा वाढते. म्हणून आज काय करावे हे सांगताना ते का करावे हेही सांगणार आहे. नुसती पाठ केलेली सूचना घाबरलेल्या माणसाला आठवत नाही, पण कारण एकदा समजले की हात आपसूक थबकतो.

आधी तेलाबद्दल बोलू, कारण तेथे चुकीची किंमत फार मोठी असते. पाणी तापले की उकळते आणि 100 अंश सेल्सिअसच्या वर जात नाही. तेलाला अशी मर्यादा नाही. ते तापतच राहते, आधी त्यातून निळसर धूर निघू लागतो, आणि तरीही आच चालूच राहिली, तर सुमारे 350 अंशांच्या पुढे ते ज्योतीचा स्पर्श न होताही पेट घेऊ शकते. अशा तेलावर पाणी ओतले तर पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे तळाशी जाते, तेथे क्षणार्धात त्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे 1,700 पट जागा लागते. ती वाफ वर उसळताना पेटते तेल सोबत घेऊन येते. जी आग कढईपुरती होती ती छताला, पडद्यांना आणि ओतणाऱ्याच्या अंगाला भिडते.

मग करायचे काय? बटणापर्यंत हात सुरक्षित पोहोचत असेल तर शेगडी बंद करावी आणि कढईवर धातूचे झाकण बाजूने सरकवत न्यावे, म्हणजे ज्वाळेवरून हात न्यावा लागत नाही. काचेचे झाकण तडकू शकते. झाकण बसले की हवा तुटते आणि आग विझते. पण तेल तितकेच तापलेले असते, म्हणून ते पुरते निवेपर्यंत झाकण काढू नये. कढई उचलून बाहेर नेण्याचा मोह तर मुळीच होऊ देऊ नये, कारण चालताना तेल हिंदकळते, हाताला चटका बसतो आणि कढई सुटते. पीठ टाकण्याचा सल्ला कोणी देत असेल तर तोही ऐकू नये; हवेत उडालेले पीठ स्वतःच भडकते. आग कढईबाहेर गेली असेल तर सर्वांनी बाहेर पडावे, निघताना स्वयंपाकघराचे दार ओढून घ्यावे, आणि मग अग्निशमन दलाला बोलवावे.

तळण सुरू करण्याआधीच योग्य मापाचे झाकण शेजारी काढून ठेवावे, असा माझा आग्रह आहे. भांडे अर्ध्याहून अधिक भरू नये, तळायचा पदार्थ कोरडा करून घ्यावा, आणि तो आपल्यापासून दूरच्या बाजूला अलगद सोडावा. तेल आचेवर असताना फोन वाजला, दारावर कोणी आले, तर आधी आच बंद करावी आणि मगच तिकडे जावे. "एका मिनिटात येते" असे म्हणून गेलेले माणूस एका मिनिटात परत येतेच असे नाही.

आता भाजण्याविषयी. काही वर्षांपूर्वी मी उकळत्या पातेल्यावरचे झाकण स्वतःच्या दिशेने उचलले आणि वाफ थेट मनगटावर आली. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षाही वाईट असतो, कारण त्वचेला लागून वाफेचे पुन्हा पाणी होताना ती दडवलेली उष्णता सोडते, आणि ही उष्णता तेवढेच पाणी 0 पासून 100 अंशांपर्यंत तापवायला लागणाऱ्या उष्णतेच्या पाचपटीहून अधिक असते. त्या दिवशी मीही बर्फच शोधला. हात बधिर झाला, बरे वाटले, आणि तेवढ्याने मी थांबले. ती चूक होती. भाजल्यानंतरही उष्णता त्वचेच्या आतल्या थरांत राहून पुढे काम करत असते. ती काढून घ्यायला नळाचे साधे वाहते पाणी 20 मिनिटे लागते, घड्याळ लावून पूर्ण 20 मिनिटे. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच दुखावलेल्या त्वचेला गारठ्याची दुसरी इजा होते. टूथपेस्ट, लोणी, तेल लावल्याने उष्णता आतच कोंडते आणि जखम अस्वच्छ होते. भाजल्याला थोडा वेळ झाला असला तरी निराश होऊ नये. तीन तासांच्या आत पाण्याखाली धरल्याचा उपयोग होतो.

पाणी सोडतानाच अंगठी, बांगडी, घड्याळ काढून घ्यावे, कारण सूज आल्यावर ते निघत नाही. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नये, फोड फोडू नयेत. नंतर स्वच्छ, धागे न सुटणारे कापड किंवा अन्न झाकायची पातळ प्लास्टिकची पारदर्शक पट्टी जखमेवर सैल ठेवावी, करकचून गुंडाळू नये. भाजलेला भाग जखमी माणसाच्या स्वतःच्या तळहाताएवढा असेल, किंवा चेहरा, हाताचा पंजा, सांधा भाजला असेल, किंवा भाजलेली व्यक्ती लहान मूल वा वृद्ध असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यात उशीर करू नये. कपड्यांनी पेट घेतला तर धावण्याची इच्छा होते. धावल्याने ज्वाळेला वारा मिळतो. जागीच थांबावे, जमिनीवर आडवे व्हावे, चेहरा हातांनी झाकावा आणि लोळावे.

प्रेशर कुकरच्या बाबतीत हात जातो तो झाकणाकडे. आतला दाब बाहेरच्या हवेच्या जवळजवळ दुप्पट असतो, म्हणूनच पाणी सुमारे 120 अंशांना उकळते आणि अन्न लवकर शिजते. तो दाब उतरण्याआधी झाकण जोर लावून उघडले तर आतले पाणी एकदम उसळते. शिट्टी उचलून पाहिल्यावर वाफेचा आवाज येत नाही याची खात्री झाल्याशिवाय झाकणाला हात लावू नये. दर वेळी कुकर लावण्याआधी वाफेची नळी उजेडाकडे धरून आरपार मोकळी आहे ना, हे पाहायला काही क्षणच लागतात. कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये, आणि डाळीसारखे फेस येणारे किंवा फुगणारे पदार्थ अर्ध्यापर्यंतच घालावेत, कारण फेसाबरोबर वर आलेले टरफल नळीत अडकते. रबरी रिंग कडक झाली, तिला चिरा पडल्या, की ती बदलावी. सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी दुसरे काही बसवून काम भागवू नये.

गॅसचा वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या गंधकयुक्त रसायनाचा; मूळ गॅसला जवळजवळ वास नसतो. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो, तर नळाने येणारा नैसर्गिक वायू हलका असल्याने छताकडे जातो. दोन्हींपैकी काहीही असले तरी विजेच्या बटणात चालू किंवा बंद होताना बारीक ठिणगी पडते, आणि तेवढी पुरते. म्हणून दिवा, पंखा, चिमणी यांतले काही लावू नये आणि चालू असलेले बंदही करू नये. रेग्युलेटर किंवा मुख्य झडप बंद करावी, दारे-खिडक्या उघडाव्यात, सर्वांना बाहेर न्यावे आणि फोन बाहेर जाऊन करावा. गळती कोठे आहे हे पाहायला काडी ओढू नये. साबणाचे पाणी सांध्यावर लावले की बुडबुडे ती जागा दाखवतात. ज्या वायूला वासच नाही तो अधिक फसवा असतो. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवली की कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट धरतो. डोके दुखते, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. ऊब कितीही हवी असली तरी कोळसा घरात पेटवून निजू नये.

सुरीविषयी थोडक्यात: धारदार सुरी बोथट सुरीपेक्षा सुरक्षित असते, कारण तिला जोर लावावा लागत नाही आणि ती घसरत नाही. पडली तर पाय मागे घ्यावा आणि तिला पडू द्यावे.

अन्नाच्या बाबतीत आपण विश्वास ठेवतो तो नाकावर. उरलेले अन्न हुंगून पाहतो आणि वास आला नाही की खातो. परंतु आजार देणारे जंतू बहुधा वास बदलत नाहीत. भाताचे उदाहरण घ्या. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास उबदार राहिला की ते रुजतात आणि असे विष तयार करतात जे पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. म्हणजे "नीट उकळून घेतले की झाले" ही समजूत येथे लागू पडत नाही. वेळेवर थंड करणे हाच उपाय आहे. 5 ते 60 अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक बाहेर राहू नये. मोठे पातेले तसेच फ्रिजमध्ये ठेवले तर मध्यभाग बराच वेळ कोमट राहतो. त्यापेक्षा अन्न उथळ भांड्यांत वाटून ठेवावे. खाताना वाफा येईपर्यंत गरम करावे, आणि तेही लागेल तेवढेच काढून.

जागतिक आरोग्य संघटनेने 2001 साली सुरक्षित अन्नाची पाच सूत्रे जगापुढे ठेवली, त्यांत कच्चे आणि शिजवलेले वेगळे ठेवणे आणि अन्न पूर्ण शिजवणे या दोन गोष्टी आहेत. कच्चे मांस नळाखाली धुण्याची सवय अनेकांना स्वच्छतेची वाटते, पण उडणाऱ्या तुषारांबरोबर जंतू ओट्यावर आणि शेजारच्या भाजीवर जातात. ते मारण्याचे काम आच करते, मधल्या भागाचे तापमान 70 अंशांच्या वर गेले पाहिजे. राजम्याच्या कच्च्या दाण्यांत फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी द्रव्य असते. ते मंद आचेवर जात नाही. दाणे रात्रभर भिजवून, ते पाणी ओतून देऊन, नव्या पाण्यात खळखळून उकळले पाहिजेत.

लहान मुलांसाठी स्वयंपाकघर फारच खुणावणारे असते. भांड्यांचे दांडे आतल्या बाजूला वळवावेत, गरम चहाचा कप मूल मांडीवर असताना हातात घेऊ नये. रसायने कधीही पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नयेत. ब्लीचमध्ये आम्ल किंवा अमोनिया असलेला क्लीनर मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. मुलाने काही गिळले तर त्याला उलटी करवण्याची घाई आपण करतो, पण दाहक द्रव वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळतो. उलटी करवू नये. बाटली सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठावे. बटणासारखा गोल सेल गिळल्याचा नुसता संशय असला तरी थांबू नये, दोन तासांत तो अन्ननलिकेला खोल जखम करू शकतो.

फ्रिजच्या दारावर एक कागद लावा. त्यावर अग्निशमन दलाचा, रुग्णवाहिकेचा आणि डॉक्टरांचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहा, आणि खाली स्वतःच्या घराचा पूर्ण पत्ता, मजला आणि जवळची खूणही लिहा. घाबरलेल्या माणसाला स्वतःचाच पत्ता सांगता येत नाही, आणि त्या वेळी फोन करणारे कदाचित घरातले मूल असेल किंवा पाहुणा असेल. त्याला तो वाचून सांगता आला पाहिजे.