नाकाचा वाकडा पडदा आणि डोळ्यामागची कळ

नमस्कार श्रोतेहो.

झोप लागून तास-दीड तास होतो आणि एका डोळ्यामागे असह्य कळ उठते. डोळा लाल होऊन गळू लागतो, पापणी खाली येते, त्याच बाजूची नाकपुडी चोंदते. माणसाला पडून राहवत नाही. तो येरझाऱ्या घालतो, डोकं गच्च दाबून पुढेमागे डुलतो. पाऊण-एक तासात सगळं शांत होतं आणि दुसऱ्या रात्री जवळपास त्याच वेळी पुन्हा सुरू. ही क्लस्टर डोकेदुखी. मग कधीतरी सीटी स्कॅन होतो, अहवालात ‘नाकाचा पडदा डावीकडे वाकलेला’ अशी ओळ येते, आणि ‘नाकाचं हाड वाढलंय म्हणूनच दुखतंय’ असं घरात ठरून जातं.

या ओळीवर इतका भरवसा ठेवू नका. बहुतेक प्रौढांचा पडदा, म्हणजे दोन नाकपुड्यांमधली भिंत, थोडाफार वाकडा असतोच. क्लस्टर डोकेदुखी मात्र हजारात साधारण एकाला होते. त्यामुळे ती असलेल्या पुष्कळ जणांचा पडदाही वाकडा निघणारच. एवढ्यावरून एकामुळे दुसरं झालं असं म्हणता येत नाही.

मग नाक नेमकं त्याच वेळी का चोंदतं? चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी ट्रायजेमिनल नावाची नस असते. कळेचा झटका येतो तेव्हा ती पेटते. मेंदूच्या देठात तिचा संदेश दुसऱ्या नसांना जागं करतो. या नसा नाकामागच्या एका मज्जागुच्छातून, म्हणजे नसांच्या गाठीतून, अश्रुग्रंथीकडे आणि नाकाच्या अस्तराकडे जातात. रक्तवाहिन्या फुगतात, अस्तर सुजतं, पाणी सुटतं. म्हणजे चोंदलेलं नाक हा झटक्याचाच एक भाग आहे, त्याचं कारण नव्हे. झटक्यांच्या ठरलेल्या वेळांमागे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसचा, म्हणजे शरीराचं घड्याळ सांभाळणाऱ्या भागाचा हात असावा. झटका चालू असताना तिथली हालचाल वाढते, हे 1998 साली पेट स्कॅनमध्ये, म्हणजे मेंदूचं काम चित्रात दाखवणाऱ्या तपासणीत, दिसलं. पडदा तर दिवसरात्र तसाच वाकडा असतो. काही आठवडे रात्री दोनला पाऊण तास दुखवून पुढे दहा महिने गप्प बसणं त्याला कसं जमेल?

तरी नाकाला पूर्ण निर्दोष ठरवायचं नाही. काहींच्या पडद्याला काट्यासारखा उंचवटा असतो आणि तो समोरच्या भिंतीवरच्या मांसल वळकटीत, म्हणजे टर्बिनेटमध्ये, रुततो. अशा स्पर्शबिंदूमुळे डोकं दुखू शकतं. पण तसे बिंदू काहीही न दुखणाऱ्यांच्या नाकातही सापडतात, आणि दुखणाऱ्यांच्या न दुखणाऱ्या बाजूलाही. म्हणून डॉक्टर त्या जागी लिडोकेन हे बधिर करणारं औषध लावून दुखणं थांबतं का ते पाहतात. इथेच एक फसगत होते. लिडोकेन पसरून मागच्या त्या मज्जागुच्छापर्यंत पोहोचलं तर क्लस्टरची कळही कमी होऊ शकते. आराम पडला म्हणून काटाच दोषी, असं सिद्ध होत नाही.

दुसरी फसगत शस्त्रक्रियेनंतरची. झटक्यांचा मोसम बहुधा काही आठवडे ते तीन महिने चालतो आणि आपोआप ओसरतो. दुखणं ऐन भरात असताना शस्त्रक्रिया केली, की ओसरण्याचं श्रेय तिला जातं. वर्षभराने कळ परत येते, तेव्हा पडदा सरळ असतो.

निदानाचा पाया आहे नोंदवही. प्रत्येक झटक्याची सुरुवातीची आणि शेवटची वेळ, बाजू, डोळा-नाकाची लक्षणं, येरझाऱ्या घातल्या की पडून राहिलात, हे दोन आठवडे लिहा. क्लस्टरचा झटका उपचाराविना 15 ते 180 मिनिटं टिकतो; दिवसाआड एकापासून दिवसाला आठपर्यंत येतात. झटके 2 ते 30 मिनिटांचे आणि दिवसाला पाचाहून जास्त असतील, तर दुसरा आजार असू शकतो. त्याला इंडोमेथासिन हे औषध लागू पडतं, म्हणून मिनिटं अचूक लिहा. पहिल्यांदा निदान होताना मेंदूचा एमआरआय करून घ्यावा, पिट्युइटरी ग्रंथीसकट.

झटका थांबवायला शुद्ध ऑक्सिजन मिनिटाला 12 ते 15 लिटर, पिशवी असलेल्या, श्वास परत आत न येणाऱ्या मास्कमधून, 15 ते 20 मिनिटं घेतात. साध्या मास्कने किंवा कमी प्रवाहाने घेतला आणि गुण आला नाही, म्हणून ऑक्सिजन बाद करू नका. तो चालू असताना जवळ सिगारेट किंवा ज्योत नको. दुसरा उपाय म्हणजे सुमाट्रिप्टानचं 6 मिलिग्रॅमचं त्वचेखालचं इंजेक्शन, 24 तासांत दोनपेक्षा जास्त नाही. हृदयविकार असेल तर ते चालत नाही. याच औषधाचा नाकातला फवारा वापरत असाल तर तो मोकळ्या नाकपुडीत मारा, चोंदलेल्या बाजूला औषध नीट शोषलं जात नाही. मोसमभर झटके रोखायला व्हेरापामिल देतात. त्याची मात्रा वाढवताना ईसीजी काढावाच लागतो, कारण ते हृदयातल्या विद्युतलहरी मंदावतं. मोसमात दारूचा घोटभरही झटका आणू शकतो.

नाक मोकळं करणारे थेंब झटक्यासाठी वापरू नका. आठवडाभर सलग वापरले तर थेंब थांबवताच नाक आणखी चोंदतं, आणि दोष पुन्हा पडद्यावर जातो.

शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला असेल, तर नोंदवही घेऊन नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे जा. डोकं अजिबात दुखत नसलेल्या महिन्यांत एक नाकपुडी कायम बंद असते का, हे त्यांना नेमकं सांगा. असेल आणि स्टिरॉइडचा फवारा काही आठवडे रोज मारूनही श्वास मोकळा होत नसेल, तर श्वासासाठी पडदा सरळ करून घेणं योग्य आहे. व्हेरापामिल चालू असेल तर ते भूलतज्ज्ञांना आधी कळवा, आणि नाक मोकळं झालं म्हणून ते स्वतःहून बंद करू नका.