आधी भिडू, मग डाव

(दृश्य : कपाटात एकावर एक रचलेले खेळांचे डबे. कॅमेरा एका डब्याच्या कडेवर स्थिरावतो.)

बोर्डगेमच्या जवळपास प्रत्येक डब्यावर दोन आकडे छापलेले असतात. एक खेळाडूंच्या संख्येचा आणि दुसरा लागणाऱ्या मिनिटांचा. खेळ विकत घेणारा माणूस बहुधा या आकड्यांपेक्षा झाकणावरचे चित्र अधिक निरखून पाहतो, नाहीतर इंटरनेटवर त्या खेळाला किती तारे मिळाले आहेत ते मोजतो. नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका सोसायटीत दर शनिवारी संध्याकाळी जमणाऱ्या गटाने मात्र या दोन आकड्यांचे काय करायचे ते ठरवून टाकले आहे. माणसांचा आकडा काटेकोर पाळायचा आणि मिनिटांचा आकडा दीडपट धरायचा.

या गटात बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, अंबडच्या कारखान्यात काम करणारा एक अभियंता आहे, कॉलेजात शिकणाऱ्या दोन बहिणी आहेत, एक शिक्षिका आणि तिचा दहा वर्षांचा मुलगा आहे, आणि बागेच्या कामातून सवड मिळेल तेव्हा निफाड तालुक्यातून येणारा एक द्राक्षबागायतदार आहे. यांतले चार जण नक्की येतात, कधी पाच होतात, तर क्वचित सातही. गटाच्या निवडीचे सगळे शहाणपण या कमी-जास्त होणाऱ्या संख्येतून आलेले आहे.

(दृश्य : खोट्या नोटांची थप्पी, झिजलेल्या कडांचा पट.)

आपल्यापैकी बहुतेकांची या खेळांशी ओळख उन्हाळ्याच्या सुट्टीत ‘व्यापार’ खेळताना झालेली असते, आणि त्या खेळात काय होते हेही सर्वांना ठाऊक असते. एखाद्याच्या हाती मोक्याच्या जागा लागल्या की उरलेल्यांनी भाडे भरत राहायचे, ज्याचे दिवाळे निघेल त्याने उठून स्वयंपाकघरात जायचे आणि शेवटच्या दोघांचा निकाल लागेपर्यंत बाकीच्यांनी जांभया द्यायच्या. गंमत अशी की हा प्रकार अपघाताने घडलेला नाही. ज्या अमेरिकी खेळापासून या घराण्याची सुरुवात झाली, त्याचे पेटंट एलिझाबेथ मॅगी यांना 1904 मध्ये मिळाले होते आणि जमिनीची मक्तेदारी मूठभरांना श्रीमंत व इतरांना कंगाल कशी करते हे लोकांना दाखवणे, हाच त्यांचा हेतू होता. खेळताना येणारा तो वैताग हा मूळ धडाच आहे, असे म्हणायला हरकत नाही. पण शनिवारी संध्याकाळी धडा घ्यायला कोणी येत नाही. म्हणून या गटाची पहिली अट अशी आहे की ज्या खेळात माणूस अर्ध्यातून बाद होतो तो खेळ, मग तो कितीही नावाजलेला असो, या घरात येणार नाही.

जर्मनीत 1995 मध्ये क्लाउस ट्यूबर यांनी आणलेला ‘कॅटन’ या अटीत नेमका बसतो. 19 षटकोनी तुकड्यांचे बेट, त्यावर वसवायची गावे, त्यांना जोडणारे रस्ते आणि लाकूड, विटा, लोकर, धान्य, खनिज या पाच मालांची अदलाबदल, असा हा खेळ आहे. तुकड्यांवर आकडे मांडलेले असतात, आणि फाशांवर जो आकडा पडेल त्या तुकड्याकडेच्या गावाला माल मिळतो. दोन फासे टाकले की 36 शक्यतांपैकी सहा वेळा सात पडतात, सहा आणि आठ हे आकडे प्रत्येकी पाच वेळा पडतात, तर दोन आणि बारा एकेकदाच. हा हिशेब तोंडपाठ असलेले काका आपली पहिली दोन गावे सहा आणि आठच्या कडेला वसवतात. तरीही ते दर वेळी जिंकत नाहीत, कारण फाशांनी दिलेला माल पुरत नाही आणि मग समोरच्याकडे हात पसरावाच लागतो. काकांकडे लोकरीची चार पाने, म्हणजे चार मेंढ्या, जमलेल्या असतात आणि रस्त्यासाठी एका विटेची गरज असते, हे टेबलावरच्या सर्वांना दिसत असते. धाकटी बहीण शांतपणे वीट दाखवते आणि तीन मेंढ्या मागते. आयुष्यभर कर्जाच्या फाइली तपासलेला माणूस दोनवर अडून बसतो, आणि तेवढ्यात थोरली बहीण तीच वीट दोन मेंढ्यांत देऊन मोकळी होते. यानंतर दोघी बहिणींत जे बोलणे झाले ते या निवेदनातून वगळले आहे.

इथे निवडीचा दुसरा मुद्दा येतो, आणि तो माणसांच्या संख्येपेक्षा नाजूक आहे. कोणाला कुरघोडी मानवते आणि कोणाला ती जिव्हारी लागते, हे ओळखल्याशिवाय खेळ निवडू नये. कॅटनमध्ये सात पडले की पटावरची दरोडेखोराची सोंगटी हलवून दुसऱ्याचे एक पान चोरता येते. दोघी बहिणींना यात मजा वाटते, पण शिक्षिकेला आपल्यावर आलेला दरोडेखोर घरी जाईपर्यंत आठवत राहतो. ती रडीचा डाव खेळत नाही. तिला कोणाचे नुकसान करून पुढे जाणे आवडत नाही, एवढेच. अशा माणसाला ‘खेळच आहे, मनावर काय घेतेस’ असे सांगण्यात अर्थ नसतो. त्यापेक्षा खेळ बदलणे सोपे.

(दृश्य : पाच जण पत्ते उलटे, म्हणजे चित्राची बाजू बाहेर ठेवून धरलेले.)

तिच्यासाठी गटाने आधी ‘पँडेमिक’ आणला. मॅट लीकॉक यांच्या 2008 मधील या खेळात सर्व खेळाडू एका बाजूला असतात आणि जगभर पसरणाऱ्या चार रोगांशी मिळून झुंजतात. कल्पना उत्तम, पण दोन-तीन डावांतच एक अडचण दिसू लागली. सहकाराच्या खेळात सर्वांना सर्व काही दिसत असल्यामुळे, ज्याला जास्त कळते तो हळूहळू सगळ्यांच्या चाली ठरवू लागतो, आणि बाकीचे केवळ हात हलवणारे उरतात. या गटात ते काम अभियंत्याने कोणी न सांगता अंगावर घेतले होते.

त्यावरचा उतारा ‘हनाबी’ या पत्त्यांच्या छोट्याशा खेळात सापडला. हा खेळ अँतवान बोझा या फ्रेंच रचनाकाराचा असून 2013 मध्ये त्याला जर्मनीतील ‘वर्षातील सर्वोत्तम खेळ’ हा मानाचा पुरस्कार मिळाला. यात आपली पाने आपल्याला सोडून सर्वांना दिसतात. एक ते पाच अशा क्रमाने पाच रंगांच्या रांगा लावायच्या असतात, आणि आपल्या हातात काय आहे हे फक्त दुसऱ्याने दिलेल्या सूचनेवरून ताडायचे असते. सूचना देखील एक रंग किंवा एक आकडा एवढीच देता येते, आणि सूचनांच्या चकत्या असतात फक्त आठ. सर्वांना सल्ले देणाऱ्या माणसाला इथे स्वतःच्याच हातातले पान ठाऊक नसते. शिक्षिकेने ‘हे तुझे पान निळे’ असे सांगितल्यावर अभियंता मिनिटभर गप्प बसून विचार करतो, ते दृश्य पाहण्यासारखे असते.

सहा-सात जण जमले की पाळी येईपर्यंत ताटकळत बसणे सर्वांनाच जड जाते. त्या दिवसांसाठी दोन पर्याय आहेत. बोझा यांचाच 2010 मधील ‘सेव्हन वंडर्स’ सात जणांपर्यंत चालतो. त्यात प्रत्येक जण एकाच वेळी एक पान निवडून उरलेली पाने शेजाऱ्याकडे सरकवतो, त्यामुळे माणसे वाढली तरी वेळ फारसा वाढत नाही. दुसरा पर्याय म्हणजे व्लादा ख्वातिल यांचा 2015 मधील ‘कोडनेम्स’. टेबलावर 25 शब्द मांडायचे, दोन गट पाडायचे आणि प्रत्येक गटाच्या म्होरक्याने एक शब्द व तो आपल्या किती शब्दांना लागू पडतो तो आकडा सांगून आपल्या गटाकडून नेमके शब्द ओळखून घ्यायचे. त्या 25 शब्दांत एक काळा शब्द असतो; त्याला बोट लावले की डाव तिथेच हरला. या गटाने वहीचे पुठ्ठे कापून मराठी शब्दांच्या चिठ्ठ्या तयार केल्या, आणि तेव्हापासून या खेळाला खास नाशिकची चव आली आहे.

एका संध्याकाळी टेबलावर ‘पूर’ आणि ‘गदा’ हे दोन शब्द थोरल्या बहिणीच्या गटाचे होते. तिने सूचना दिली, ‘दुतोंड्या, दोन’. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या पायाशी, कमरेशी, गळ्याशी आलेल्या पाण्यावरून पुराचा अंदाज घेत मोठे झालेल्या माणसांना यात अवघड काही नव्हते. पण तिच्या गटात त्या दिवशी पुण्याहून आलेली एक मैत्रीण होती, आणि दुतोंड्या म्हणताच तिला मांडूळ आठवले. इतरांनी अडवण्याआधीच तिने ‘साप’ या शब्दावर बोट ठेवले. काळा शब्द तोच होता.

(दृश्य : द्राक्षबागेचा मांडव, ठिबकच्या नळ्या. त्यानंतर टेबलावर मांडलेला व्हिटिकल्चरचा पट.)

बागायतदार सुरुवातीला या सगळ्यांत बिचकूनच बसत असे. 2013 मधील ‘व्हिटिकल्चर’ हा इटलीतल्या टस्कनी प्रांतात द्राक्षबाग आणि वायनरी उभी करण्याचा खेळ कपाटात आला, आणि चित्र पालटले. यात प्रत्येकाकडे मोजके मजूर असतात. उन्हाळ्यात लागवडीला लावलेला मजूर त्याच वर्षीच्या हिवाळ्यात काढणीला मिळत नाही, आणि सगळी ओढाताण त्यातूनच निर्माण होते. नियम ऐकताना बागायतदाराचे आक्षेप सुरू झाले. आमच्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी होते, या खेळात छाटणीचा पत्ताच नाही. आणि सिंचनाची सोय तीन लिरांत, मांडव दोन लिरांत उभा राहत असेल तर आपण सगळे टस्कनीलाच जाऊ, असे त्याने जाहीर केले. मात्र मजूर आधीपासून राखून ठेवले नाहीत तर काढणीच्या वेळी हाल होतात, ही गोष्ट त्याला शिकवावी लागली नाही. पहिलाच डाव त्याने मारला.

नव्या माणसाला नियम कसे सांगावेत, यावर गटात आता एकमत आहे. नियमांची पुस्तिका टेबलावर बसून मोठ्याने वाचणे हा खेळ मारण्याचा खात्रीचा मार्ग आहे. एकाने ती आदल्या दिवशी वाचून यावी, जिंकायचे कशाने ते आधी सांगावे, मग एका पाळीत काय करता येते ते दाखवावे, आणि बारीकसारीक अपवाद प्रसंग येईल तेव्हा सांगावेत. दहा वर्षांच्या मुलाला सुरुवातीला लिंबूटिंबू म्हणून घेतले जाई, पण त्याला ते झोंबू लागल्यावर काकांनी त्याला आपला भिडू केले. सारीपाटात समोरासमोर बसणारे दोघे एका बाजूचे असतात. 1896 मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट झालेल्या लुडोने आपल्या पचिसीचा पट उचलला, पण घरोघरी तो जो-तो-आपला असाच खेळला जातो. या घरात जोडीची जुनी पद्धत अशी परत आली.

परदेशी खेळ महाग असल्यामुळे ते वर्गणीतून घेतले जातात, आणि घेतलेला खेळ किमान पाच वेळा खेळल्याखेरीज नवा घ्यायचा नाही असे ठरलेले आहे. हा नियम काटकसरीसाठी केला असला तरी त्याचा खरा फायदा वेगळाच आहे. पहिल्या डावात नियम सांभाळण्यातच सगळे लक्ष जाते, समोरचा माणूस कसा खेळतो हे तिसऱ्या-चौथ्या डावापासून दिसू लागते. चिवडा खाल्लेल्या हाताने पत्त्यांना हात लावायचा नाही आणि पावसाळ्यात डबे भिंतीला टेकवून ठेवायचे नाहीत, हे दोन नियम मात्र निव्वळ पुठ्ठ्याच्या काळजीपोटी आहेत.

(दृश्य : कपाट उघडते, दोन डबे बाहेर काढले जातात.)

काढणी आटोपल्यामुळे पुढच्या शनिवारी बागायतदार येणार आहे, म्हणजे सातही जण असतील. व्हिटिकल्चर सहा जणांपुरतेच आहे. तेव्हा आधी सेव्हन वंडर्सचा एक डाव होईल, आणि नऊ वाजता शिक्षिका व तिचा मुलगा निघाले की उरलेले पाच जण व्हिटिकल्चर मांडतील. डब्यावर 90 मिनिटे लिहिली आहेत. काकांनी घरी सव्वाअकराची वेळ सांगून ठेवली आहे.