जामीन झाला, सुटका नाही

जामिनाच्या आदेशावर सही-शिक्का झालेला असतो, तरी ज्याच्यासाठी तो निघाला तो माणूस त्या रात्रीही बराकीतच झोपतो, कारण आदेशात सक्षम जामीनदार मागितलेला असतो आणि नांदेडहून ठाण्याला बिगारी कामावर आलेल्या माणसाला तो मिळत नाही. न्यायालयाच्या आवारात जामीनदार म्हणून उभे राहायचे, तर हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा उतारा, रेशन कार्ड, फोटो आणि पुष्कळदा तहसील कार्यालयातून आणलेला ऐपतीचा दाखला लागतो. ज्याच्या घरात कोणाच्याच नावावर जमीन नाही, त्याने हे कागद आणायचे कुठून?

३१ डिसेंबर २०२२ रोजी भारतातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे दर चारांतील तीन, कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. त्या सर्वांना जामीन मंजूर झाला होता असे नाही. पण ज्यांना झाला आणि तरीही ज्यांच्यासाठी दार उघडले नाही, त्यांना आत ठेवण्याचे समर्थन कशाच्या आधारे करायचे?

हा प्रश्न जुना आहे. १९७८ साली मध्य प्रदेशातील एका गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, तेव्हा खालच्या न्यायालयाने त्याच्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला. त्याचा भाऊ उभा राहिला, पण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारण्यात आले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या गवंड्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडण्याचा आदेश दिला. गरिबाच्या ऐपतीबाहेरची रक्कम मागणे म्हणजे जामीन नाकारणेच आहे, ही जाणीव त्या निकालाच्या मुळाशी होती.

पंचेचाळीस वर्षांनंतर, जानेवारी २०२३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका लांबते, म्हणून अशा प्रकरणांत ती अट घालू नये. सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी गरिबांना मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकते. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत मदतीची योजना आणली. ती स्वागतार्ह आहे. पण पैसे भरायला सरकार पुढे आले, तरी ज्याला ओळखीचा जामीनदारच नाही, त्याची अडचण तशीच राहते.

म्हणून सुधारणा आदेशाच्या पहिल्या ओळीपासून व्हायला हवी: जातमुचलका का पुरेसा नाही, याचे कारण जामीनदार मागणाऱ्या न्यायालयाने लेखी द्यावे. बिगाऱ्याकडे सातबारा नसेल, पण त्याची खोली कोणत्या चाळीत आहे, मुले कोणत्या शाळेत जातात आणि मुकादम कोण, हे विधी सेवेचा वकील जामिनाच्या सुनावणीतच न्यायाधीशांपुढे ठेवू शकतो.