ठाण्याच्या हवेतली जीन्स

नमस्कार श्रोतेहो.

जून उजाडला की ठाण्यातल्या दर दुसऱ्या बाल्कनीत दोरीवर एक जीन्स दिसते. सोमवारी दिसते, मंगळवारी दिसते, बुधवारी घरातलं कुणीतरी तिला चाचपून म्हणतं, "कंबर अजून ओलीच आहे." गुरुवारी ती तशीच दमट अंगावर चढते आणि लोकल पकडायला निघते.

नौपाड्यात माझं कपडे अल्टर करायचं छोटं दुकान आहे. येणाऱ्या कामात जीन्सच जास्त. लोक जीन्स बाहेरून बघतात, मी ती उलटी करून बघते: शिवण, खिशाचं अस्तर, मांडीपाशी विरलेलं कापड. त्यातून माझं एक ठाम मत झालंय. जीन्स कशी घ्यावी, किती दिवसांनी धुवावी याबद्दल जे सल्ले मोबाइलवर फिरतात, ते बहुतेक थंड आणि कोरड्या देशांतले आहेत. आपल्याकडे घाम आहे, चार महिने पाऊस आहे, टँकरचं पाणी आहे. आपले नियम आपणच ठरवायला हवेत.

आधी कापड समजून घेऊ. जवळ जीन्स असेल तर तिची मोहरी उलटून बघा. बाहेरून निळी, आतून पांढुरकी. डेनिममध्ये उभे धागे, म्हणजे ताणा, निळीत रंगवतात आणि आडवे, म्हणजे बाणा, पांढरेच ठेवतात. आडवा धागा एका उभ्या धाग्यावरून जातो आणि पुढच्या बहुधा तिनांच्या खालून. त्यामुळे निळं तेवढं वर राहतं, पांढरं आत लपतं, आणि कापडावर त्या बारीक तिरप्या रेघा उमटतात.

ही नीळ मोठी हट्टी. ती पाण्यात विरघळत नाही. रसायनं घालून तिला विरघळायला भाग पाडतात आणि मग त्यात सूत बुडवतात. सूत बाहेर काढलं की पिवळसर हिरवं दिसतं, आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळं होत जातं. असं पुन्हा पुन्हा बुडवतात. तरी रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही. काकडीची साल हिरवी आणि आत पांढरी, तसा तो धागा. जिथे घासला जातो तिथे साल निघते आणि आतलं पांढरं दिसायला लागतं. म्हणून जीन्सचा रंग उतरतो तेव्हा फसलो असं समजू नका. ते कापड बनतंच तसं. याच निळीसाठी १८५९ साली बंगालचे शेतकरी निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध उठले होते आणि १९१७ साली गांधीजी चंपारण्यात गेले होते. पण १८९७ पासून जर्मनीत कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आली, आणि आज आपण अंगावर घालतो ती जवळपास सगळी तीच.

जीन्सला खिशाच्या कोपऱ्यात तांब्याची टिकली, म्हणजे रिव्हेट, असते ना? ती अमेरिकेतल्या रीनो गावच्या एका शिंप्याची युक्ती. जेकब डेव्हिस त्याचं नाव. कामगारांचे खिसे सारखे उसवायचे, म्हणून त्याने कोपरे रिव्हेटनी ठोकले आणि कापडाचा व्यापारी लेव्ही स्ट्रॉस याच्याबरोबर २० मे १८७३ रोजी त्याचं पेटंट घेतलं. शिंप्याचं नाव मागे पडलं आणि व्यापाऱ्याचं लेबलावर राहिलं. आमच्या धंद्यात हे नेहमीचंच!

आपल्याकडे डेनिमचं मोठं घर म्हणजे अहमदाबाद. नव्वदच्या दशकात तिथल्या अरविंद मिल्सने 'रफ अँड टफ' नावाचं पाकीट काढलं होतं. त्यात जीन्सचं कापड, झिप, रिव्हेट, लेबल सगळं असायचं. पाकीट घ्यायचं आणि आपल्या नेहमीच्या शिंप्याकडून जीन्स शिवून घ्यायची. आणि ठाण्यात ज्यांना रेमंडची गिरणी आठवते त्यांच्यासाठी सांगते, त्याच रेमंडने भागीदारीत डेनिमचा कारखाना यवतमाळला चालवला, ऐन कापसाच्या मुलुखात.

आता खरेदी. गोखले रोड, राम मारुती रोड, जांभळी नाका, स्टेशनबाहेरची गर्दी नाहीतर मॉल, जीन्स कुठूनही घ्या. किंमतीवरून कापड कळत नाही, हात लावून कळतं. डेनिमचं वजन औंसात मोजतात. एक औंस म्हणजे चौरस मीटरला साधारण ३४ ग्रॅम. शौकीन लोक ज्याचं कौतुक करतात ते १४ औंसाचं कापड चौरस मीटरला पावणेपाचशे ग्रॅमच्या आसपास जातं. डिसेंबरात माथेरानला ठीक आहे. एप्रिलमध्ये घोडबंदर रोडवर, सिग्नलला थांबलेल्या स्कूटरवर, ते अंगावर नको होतं. आपल्या हवेला आठ ते दहा औंस पुष्कळ झाले. दुकानात औंस लिहिलेले नसतात, तेव्हा गुडघ्यापाशी कापडाची चिमटीत घडी करा. घडी सहज मोडली आणि सोडल्यावर कापड सुटं पडलं तर ते आपलं. घडी पुठ्ठ्यासारखी ताठ उभी राहिली तर ते जाड.

लेबल वाचा. कॉटन ९८, इलास्टेन २, इथपर्यंत माझी ना नाही. बसता-उठता बरं पडतं. ताण देणारा हा धागा जास्त असला आणि त्यात पॉलिस्टरही मिसळलेलं असलं की घाम आत कोंडतो. गुडघ्याजवळ कापड ताणून सोडा. लगेच जागेवर आलं नाही, तर महिन्याभरात गुडघ्याला पोत्यासारखे फुगवटे येणार.

ट्रायल रूममध्ये आरशासमोर पोट आत घेऊन उभं राहू नका. वाका, उकिडवे बसा, एक पाय स्टुलावर ठेवा. ठाणे स्टेशनचा पूल आणि रिक्षात चढ-उतार, रोज तुमच्या जीन्सला हेच करायचंय. आणि एक लक्षात ठेवा: कंबर आम्ही कमी करू शकतो, मांडी वाढवू शकत नाही. खास करून बायकांचा हा नेहमीचा त्रास. मांडीला बसते ती कमरेला मागून फाकते, कमरेला बसते ती मांडीत अडकते. तेव्हा मांडीला बसते ती घ्या आणि कंबर शिंप्याकडे द्या. मागच्या पट्टीतून इंच-दीड इंच सहज आत घेता येतो. मात्र पट्टी उसवून नीट पुन्हा बसवणारा बघा. नुसती चिमट घालून शिवली तर पाठीला टोचते.

कडक, न धुतलेली 'रॉ' जीन्स घेणारी मुलं हल्ली येतात. त्यांना मी आधी विचारते, आधीच आकसवून घेतलेलं कापड आहे का? नसेल तर पहिल्या धुण्यात दहा टक्क्यांपर्यंत आटू शकतं. म्हणजे तीस इंचांच्या पायात तीन इंच. अशी जीन्स धुतल्याशिवाय मी खालून कापत नाही, कितीही घाई असो.

आणखी एक सोपी चाचणी: फ्रिजवरचं चुंबक पर्समध्ये टाकून न्या. बटणाला आणि झिपच्या दातांना लावा. घट्ट चिकटलं तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात तो गंजतो आणि गंजाचा डाग शर्टाला लागतो. दुकानदार बघत राहील, बघू द्या.

मुद्दाम फाटकी, मुद्दाम पांढरट केलेली जीन्स घ्यायची का? मी घेणार नाही. तो विटका रंग आणायला दगडांबरोबर घुसळतात, परमॅंगनेट नावाचं रंग उडवणारं रसायन फवारतात. पूर्वी वाळूचा झोतही मारत. ती धूळ फुफ्फुसात जाऊन कामगारांना सिलिकोसिस झाला, म्हणून तुर्कस्तानने २००९ साली त्यावर बंदी घातली. आपल्याच जिल्ह्यात उल्हासनगरला जीन्स शिवण्याचा केवढा पसारा आहे. तिथल्या धुण्याच्या कारखान्यांचं निळं पाणी वालधुनी नदीत गेलं, तक्रारी कोर्टात पोचल्या, आणि शेवटी त्या कारखान्यांना टाळं लागलं. त्यात कामगारांची पोटंही गेली, हेही खरंच. गडद, साधी जीन्स घ्या. विटकी करायला मध्य रेल्वे समर्थ आहे.

आता वापर, आणि थोडं स्पष्ट बोलते. ओली किंवा घामेजलेली घट्ट जीन्स दिवसभर अंगावर राहिली की जांघेत गजकर्ण होतं. पावसाळ्यात कितीतरी जण ट्रायलला अवघडून उभे राहतात, आणि सांगत नाहीत तरी कळतं. मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेलं मलम आणून चोळू नका. आधी बरं वाटतं, मग आणखी पसरतं. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि तोवर सैल सुती कपडे घाला. जून ते सप्टेंबर ऑफिसात एक कोरडी पँट ठेवा. नाहीतर सरळ मोहरी दोनदा दुमडा. डबक्याचं पाणी जाड कापडात गुडघ्यापर्यंत चढतं. गडद नवी जीन्स पहिल्या काही धुण्यांपर्यंत रंग सोडते, तेव्हा पांढरा सोफा आणि फिक्या रंगाची पर्स यांच्यापासून लांब.

धुणं. जीन्स महिनोन्‌महिने धुवू नये, असं सांगणारे आहेत. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात २०११ साली एका विद्यार्थ्याची १५ महिने न धुतलेली जीन्स तपासली होती आणि तेरा दिवस घातलेल्या जीन्सइतकेच जंतू तिच्यात सापडले होते. सापडले असतील. पण त्या मुलाने सकाळच्या डब्यात कळव्यापासून दादरपर्यंत उभ्याने प्रवास केला नव्हता. हिवाळ्यात पाच-सहा वेळा घाला, मध्ये वाऱ्यावर टाका. उन्हाळ्यात दोन-तीनदा घातली की धुवा. पावसात भिजली तर त्याच दिवशी. फ्रीजरमध्ये ठेवून जंतू मरतात ही थाप आहे, तिथे ते नुसते झोपतात.

धुताना झिप लावा, बटण लावा, जीन्स उलटी करा. गार पाणी, द्रव साबण, तोही थोडा. टँकरचं किंवा बोअरचं पाणी जड असतं. त्यात पावडर नीट विरघळत नाही आणि काळ्या-निळ्या जीन्सवर खडूसारख्या पांढऱ्या रेघा राहतात. मग लोक म्हणतात रंग गेला. रंग नाही गेला, पावडर राहिली; आणखी एकदा साध्या पाण्यातून काढा. भांडी-कपड्यांना येणाऱ्या मावशींना तेवढं सांगा, की मांडीवर आणि गुडघ्यावर ब्रश मारू नका, फक्त मोहरीच्या आत मारा. मिठाच्या पाण्यात भिजवून नीळ पक्की होते असं घरोघरी सांगतात. होत नाही. मीठ वाया जातं, इतकंच.

वाळवणं हीच खरी ठाण्याची परीक्षा. मशीनमध्ये पिळायचं चक्र दोनदा चालवा. खिशांची अस्तरं कानांसारखी बाहेर ओढा. कंबर वर करून, पट्टीला चार-पाच चिमटे लावून गोल उघडी टांगा, म्हणजे पुढची बाजू मागच्या बाजूला चिकटत नाही. दोरीवर मधोमध दुमडून टाकलीत तर दुमडीत वास धरलाच. वर पंखा. शेवटचा ओलावा राहिला तर आतून इस्त्री, पट्टीवर आणि जांघेच्या शिवणीवर. गरम ड्रायरमध्ये ताणाची जीन्स घालू नका, तिच्यातला इलास्टेनचा धागा उष्णतेने मरतो आणि मग जीन्स ढिली पडते. उन्हातही उलटीच वाळवा.

आता माझं आवडतं काम. "काकू, ओरिजिनल बॉटम ठेवा हं," असं प्रत्येक कॉलेजकुमार सांगतो. मोहरीची ती जाड, पीळ पडलेली, कडेला पांढरट झालेली किनार अख्खी कापून, पाय आखूड करून, तीच किनार परत जोडायची. शिवण जिथे एकावर एक येते तिथे सहा-आठ पदर होतात, सुई मोडते. म्हणून आधी लाकडावर ठेवून हातोडीने ठोकायचं, सोळा किंवा अठरा नंबरची सुई लावायची आणि तेवढ्या चार टाक्यांपुरतं चाक हाताने फिरवायचं. हे करायला जो शिंपी दहा मिनिटं म्हणतो, त्याच्याकडे देऊ नका.

आणि मांडी फाटायची वाट बघू नका. जीन्स उलटी करून दिव्यासमोर धरा. जांघेच्या शिवणीजवळ उजेड आरपार दिसायला लागला की तेव्हाच आणा. आतून पातळ कापड लावून, त्याच रंगाच्या दोऱ्याने मागे-पुढे मशीन मारली की वर्ष-दोन वर्षं निघतात. भोक पडल्यावर रफू होतं, पण दिसतं.

अगदीच संपली, तर पाय कापून भाजीची पिशवी होते, भक्कम होते. आणि दारावर बोहारीण आली तर जीन्स सगळ्यात शेवटी काढा. ती झिप वर-खाली करून बघेल, गुडघे उजेडात धरेल, तोंड वाकडं करेल. झिप चालत असेल तर स्टीलच्या डब्यावर झाकण मागून घ्या. ती देते.

नमस्कार.