न झालेल्या गोलांची नोंद

श्रोतेहो, नमस्कार.

फुटबॉल सामन्याच्या बातमीत गोल करणाऱ्याचे नाव हमखास येते. ज्याने गोल होऊ दिले नाहीत, त्याचे मात्र बहुधा येत नाही. नागपूरच्या खालच्या गटातील साखळी सामन्यांत अनेक हंगाम स्टॉपर म्हणजे गोलपुढचा मधला बचावपटू म्हणून खेळलेल्या, उमरेड तालुक्यातील एका शेतकऱ्याविषयी मी आज बोलणार आहे. नाव सांगू नये, अशी त्यांची विनंती आहे.

त्यांच्या गावात कबड्डीचेच वेड होते. शिक्षणासाठी ते कामठीला मामांकडे राहिले आणि तेथे फुटबॉलच्या नादी लागले. इंग्रजांनी 1821 मध्ये वसवलेल्या छावणीच्या या गावात आजही रब्बानी या फुटबॉल क्लबचे नाव आदराने घेतले जाते.

काळ्या जमिनीच्या मैदानावर बचाव करणे ही स्वतंत्र विद्याच आहे. पावसाळ्यात बुटांना चिखलाचे ढेकूळ चिकटते आणि चेंडू डबक्यात अडकतो. उन्हाळ्यात भेगाळलेल्या त्याच जमिनीवरून तो अनपेक्षित दिशेला उसळतो. म्हणून पहिल्या टप्प्यावर कधीही झेपावायचे नाही, दोन पावले मागे राहून चेंडूऐवजी फॉरवर्डच्या, म्हणजे चढाई करणाऱ्या खेळाडूच्या, कमरेकडे पाहायचे, कारण पाय हुलकावणी देतात, कंबर देत नाही, असे ते सांगतात. गोलकीपरकडे पायाने मुद्दाम दिलेला चेंडू त्याने हाताळू नये, हा नियम 1992 मध्ये आला, तेव्हा त्यांच्या पिढीचा सर्वांत भरवशाचा मार्ग बंद झाला. चिखलात फॉरवर्ड अंगावर आलेला असताना डाव्या पायानेही चेंडू गोलपासून लांब मारून क्लिअर करणे त्यांना नव्याने शिकावे लागले, आणि माझ्या मते त्यांचा उत्तम खेळ त्यानंतरचाच आहे.

यातून पोट भरत नव्हते. एसटीने यायचे, सामना खेळायचा, रात्री परतून सकाळी सोयाबीनच्या डवरणीला जायचे. रेल्वेत किंवा पोलिसांत खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळेल, ही आशा होती. परंतु तेथे राज्य वा राष्ट्रीय पातळीवरील सहभागाचे प्रमाणपत्र लागते, आणि निवड चाचणीच्या थोड्या वेळात स्टॉपरचे कसब दिसेलच असे नाही. पुढे हेड मारून उतरताना गुडघ्याचा लिगामेंट तुटला आणि खेळ संपला.

पद्मश्री मिळालेले पहिले भारतीय फुटबॉलपटू गोष्ठ पाल हे बचावपटूच होते, आणि हा सन्मान त्यांना 1962 मध्ये मिळाला. मग आपल्या तालुक्यांतील बचावपटूंची साधी यादीही कोणाकडे नसावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ज्यांच्या घरी जुन्या संघांची छायाचित्रे असतील, त्यांनी वडीलधाऱ्यांना विचारून प्रत्येकाचे नाव, गाव, वर्ष आणि खेळण्याची जागा मागे लिहून ठेवावी, एवढी माझी विनंती आहे.