बेरीज, फोडाफोड आणि यशवंतरावांचा वारसा

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

आजचा जाहीर विषय आहे 'यशवंतरावांचा वारसदार कोण?' त्या प्रश्नाकडे मी येणारच आहे. पण आधी एका शब्दाची बाजू मांडायची आहे. तो शब्द गेल्या काही वर्षांत इतका मळला आहे, की तो धुतल्याशिवाय पुढचं काही नीट दिसणार नाही. शब्द आहे 'बेरजेचं राजकारण'.

हल्ली एखादा आमदार फुटला, त्याच्या गळ्यात नवं उपरणं पडलं, की लगेच म्हणतात, बेरजेचं राजकारण झालं. आणि वर यशवंतराव चव्हाणांचं नाव घेतात. याला माझा सक्त विरोध आहे. फोडाफोडीला मराठीत फोडाफोड असा चांगला शब्द आहे. तो वापरावा.

१९५७ सालची परिस्थिती आठवा. मराठी आणि गुजराती मुलखांचं मिळून मुंबईचं द्विभाषिक राज्य होऊन आणि यशवंतराव त्याचे मुख्यमंत्री होऊन जेमतेम काही महिने झालेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरावर माणसं गेलेली. त्यात यशवंतरावांनी १९५५ च्या अखेरीस फलटणला सांगून टाकलेलं, की नेहरू आणि महाराष्ट्र यांत निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंना निवडू. त्या एका वाक्याची किंमत त्यांनी पुढे कित्येक वर्षं मोजली. निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेस आडवी झाली. समोर होती संयुक्त महाराष्ट्र समिती, तिच्यात शेतकरी कामगार पक्ष म्हणजे शेकाप, प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन असे सगळे एकत्र होते. कऱ्हाडला स्वतः यशवंतराव कसेबसे निवडून आले. सरकार टिकलं ते गुजरात आणि विदर्भाच्या जागांवर. नोव्हेंबरात प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला नेहरू आले, तेव्हा रस्त्यावर काळे झेंडे होते.

पाच वर्षांनी, १९६२ ला, महाराष्ट्राच्या विधानसभेत २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसच्या. मधल्या काळात १ मे १९६० ला मुंबईसह राज्य मिळालं, हे कारण मोठंच आहे, मी ते नाकारत नाही. पण तेवढंच असतं तर राज्य मिळाल्याचं श्रेय समितीनंही घेतलं असतं, आणि तिचा तो हक्कच होता. मग समितीच्या पायाखालची जमीन कशी सरकली?

तर यशवंतरावांच्या बेरजेत पुढारी शेवटी यायचा. आधी लोकांचं गाऱ्हाणं ओळखायचं. मग त्यासाठी कायदा करायचा, सवलत द्यायची किंवा संस्था उभी करायची. मग लोक सरकू लागायचे, आणि लोक सरकले की पुढाऱ्याला मागे राहणं परवडायचं नाही. हा क्रम उलटा केला, आधी पुढारी आणला आणि लोकांचं नंतर बघू म्हटलं, की बेरीज संपते.

शेतकरी कामगार पक्ष घ्या. त्यांचं मागणं काय होतं? कुळाला जमीन, मोठ्या जमीनदारीवर मर्यादा, गावच्या माणसाच्या हाती सत्ता. कुळकायद्याची दुरुस्ती १९५६ ची, म्हणजे आधीच्या सरकारची. पण १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, म्हणजे कुळाला कसत्या जमिनीचा मालक मानण्याचा दिवस, उजाडला आणि अंमल यशवंतरावांच्या कारकिर्दीत झाला. १९६१ ला कमाल जमीनधारणेचा कायदा आला. बारमाही पाण्याखालच्या जमिनीला १८ एकरांची मर्यादा, आणि त्यातून खाजगी साखर कारखान्यांचे मोठमोठे मळेही सुटले नाहीत. शेकापच्या जाहीरनाम्यातली अशी एकेक ओळ सरकारी राजपत्रात उतरत गेली. त्या पक्षाचे कऱ्हाडातलेच तालेवार नेते यशवंतराव मोहिते १९६० ला काँग्रेसमध्ये आले, ते या पार्श्वभूमीवर.

दुसरी बाजू आंबेडकरी समाजाची. हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि तोच सगळ्यांत कमी सांगितला जातो. महार वतन म्हणजे गावकीच्या राबणुकीच्या बदल्यात मिळालेला जमिनीचा तुकडा. बाबासाहेबांनी त्याविरुद्ध मुंबईच्या कायदे मंडळात विधेयक आणलं होतं १९२८ ला. कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा झाला १९५८ ला, तीस वर्षांनी. दुसरी अडचण धर्मांतराची. १९५६ ला नागपुरात लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि कागदोपत्री त्यांचं अनुसूचित जातीपण गेलं, कारण १९५० च्या आदेशात ते धर्माशी बांधलेलं होतं. मुलाची शिष्यवृत्ती बंद, नोकरीतली सवलत बंद. महाराष्ट्र सरकारनं १९६० ला नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या. केंद्रानं तेच केलं १९९० ला. मधली तीस वर्षं डोळ्यांपुढे आणा. म्हणजे शिकणाऱ्या मुलांची एक अख्खी पिढी. अर्थात राज्याचा हात जिथवर पोचत होता तिथवरच हे झालं. विधानसभेच्या राखीव जागा राज्याच्या अधिकारात नव्हत्या, त्यामुळे कागदावर स्वतःला बौद्ध म्हणवणाऱ्याला त्या बंदच राहिल्या.

तिसरी गोष्ट, ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची फी-सवलत. इथल्या ज्येष्ठ मंडळींपैकी किती जणांच्या दाखल्यावर हा शिक्का होता? बघा, किती हात वर झाले. १९५९ ची योजना. घरचं वार्षिक उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत, तर फी माफ. जात विचारायची नाही. कोरडवाहू मराठा, गरीब ब्राह्मण, माळी, मुसलमान, सगळे एकाच रांगेत. त्या रांगेला पक्ष नव्हता आणि म्हणूनच ती पक्षाला मतं देऊन गेली.

आणि लिहिणारे-वाचणारे? 'हे राज्य मराठी की मराठा?' हा सवाल साहित्यिक-संपादक ग. त्र्यं. माडखोलकरांनी तोंडावर टाकला. राज्य मराठी माणसांचं असेल, असं उत्तर यशवंतरावांनी तोंडी दिलंच, पण १९६० लाच साहित्य संस्कृती मंडळ काढून ते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाती सोपवलं. शब्दामागे लगेच संस्था, ही त्यांची पद्धत होती.

सगळ्यांत मोठी बेरीज जिल्हा परिषदेची. पंचायत राज्याची आखणी करणाऱ्या केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीनं १९५७ ला भर दिला होता गटावर, म्हणजे पंचायत समितीवर. आपल्याकडे वसंतराव नाईक समितीनं जिल्ह्याला मुख्य घटक मानलं. कारण व्यवहारी होतं. शाळा, दवाखाने, रस्ते सांभाळायला लागणारा पैसा आणि अभियंते गटाच्या पातळीवर उभे राहत नाहीत. याच समितीनं आमदार-खासदारांना परिषदेबाहेर ठेवलं, कलेक्टरलाही बाजूला केलं आणि स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी दिला. १ मे १९६२ पासून कारभार सुरू. आमदार आत असता तर खुर्ची त्यानंच अडवली असती. तो बाहेर राहिला म्हणून तालुक्यातल्या पंचविशी-तिशीतल्या पोराला सभापती होता आलं. विरोधी पक्षातल्या किती तरुणांची वाट या दारातून काँग्रेसकडे वळली असेल, याचा विचार करा.

आता यशवंतरावांच्या भक्तांना न आवडणारंही सांगतो, कारण हिशेब पुरा मांडायचा आहे. या बेरजेत तीन चुका होत्या. एक, विरोधी पक्षाचा कार्यक्रम उचलता उचलता विरोधी पक्षच रिकामा झाला आणि सरकारला जाब विचारायला समोर भक्कम कुणी उरलं नाही. दोन, सहकारी कारखाना, जिल्हा बँक, जिल्हा परिषद आणि शिक्षणसंस्था या चार किल्ल्या निरनिराळ्या खिशांत राहाव्यात अशी तरतूद कुठेच नव्हती. पुढे बऱ्याच जिल्ह्यांत त्या एकाच घराच्या जुडग्यात गेल्या. ज्या घराकडे कर्ज, ऊस आणि नोकरी, त्याला मत मागायचीही गरज उरत नाही. तीन, विदर्भ. विदर्भाला महाराष्ट्रात घेण्यासाठी केलेल्या १९५३ च्या नागपूर करारावर यशवंतरावांचीही सही होती, लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचं वचन होतं. नागपूरचं अधिवेशन १९६० पासून सुरू झालं, पण पैशाचा हातचा घ्यायचा राहिला. १९८४ ला दांडेकर समितीनं राज्यातला अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागांच्या विकासाची तूट, मोजला, तो ३ हजार १८६ कोटींच्या वर भरला. तिकडून हात वर झालाय, थांबा, त्याला शेवटी वेळ देतो.

आयोजकांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. तेव्हा वारसदाराचा प्रश्न पटपट घेतो.

हा वाद यशवंतराव हयात असतानाच सुरू झाला. जुलै १९७८ ला त्यांचे शिष्य शरद पवार यांनी वसंतदादा पाटलांचं सरकार पाडून पुलोदचं, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं, सरकार आणलं. पुढच्या जुलैत यशवंतरावांनी मोरारजींवर अविश्वासाचा ठराव आणला आणि चरणसिंगांचे उपपंतप्रधान झाले. नंतर ते इंदिरा काँग्रेसमध्ये परतले. पवार बाहेरच राहिले, ते परतले १९८६ ला. २५ नोव्हेंबर १९८४ ला यशवंतराव गेले, तेव्हा गुरू आणि शिष्य वेगवेगळ्या पक्षांत होते. काँग्रेसवाले यावरूनच म्हणतात, ते गेले आमच्या पक्षात. यावर यशवंतरावांची स्वतःची साक्ष काढावी म्हटलं तर ती नाही. त्यांचं आत्मचरित्र 'कृष्णाकाठ' १९४६ पाशी थांबतं, आणि मुंबई-दिल्लीच्या पर्वाचे पुढचे खंड झालेच नाहीत. म्हणून प्रत्येकाला सोयीचे यशवंतराव सापडतात.

२ जुलै २०२३ ला राष्ट्रवादी फुटली. दुसऱ्या दिवशी, गुरुपौर्णिमेला, शरद पवार कऱ्हाडला प्रीतिसंगमावर, यशवंतरावांच्या समाधीपाशी. ६ फेब्रुवारी २०२४ ला निवडणूक आयोगानं आमदारांच्या संख्येवर पक्षाचं नाव आणि घड्याळ हे चिन्ह अजित पवारांच्या गटाला दिलं. मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या गटाला शरद पवारांचा फोटो वापरायला मनाई केली, तेव्हा यशवंतरावांचा फोटो पुढे आला. लोकसभेला कऱ्हाड ज्या मतदारसंघात येतं त्या साताऱ्यात शरद पवारांचा उमेदवार ३२ हजारांहून जास्त मतांनी पडला, आणि त्यांच्या पक्षाच्या तुतारीसारखंच चिन्ह मिळालेल्या एका अपक्षाला ३७ हजारांहून जास्त मतं पडली. सगळी नसली तरी त्यातली बरीच मतं चुकून पडली असं मी मानतो. यशवंतरावांच्या भूमीतली लढत चिन्हाच्या चित्रावर अडकावी, याचं मला मनापासून दुःख आहे.

माझं उत्तर असं. दावेदार कुणीही असो, त्याला दोन प्रश्न विचारा. तुमच्याकडे आलेल्या पुढाऱ्याच्या आधी कोणता कायदा, सवलत किंवा संस्था आली? आणि ती तुम्हाला मत न देणाऱ्यालाही मिळाली का? १९९४ ला शरद पवार मुख्यमंत्री असताना महिला धोरण आलं आणि मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. ती बेरीज होती, मतांची किंमत मोजून केलेली. २०१९ नंतरच्या फाटाफुटींत, कोणत्याही गटाच्या, मला असं काही सापडत नाही. तिथे माणसं आली आणि खाती वाटली गेली. त्यामुळे आज घडीला मी कुणालाच वारसदार म्हणत नाही.

पाच मिनिटं आहेत. मघाशी नागपूर करारावर हात वर केला होता, ते गृहस्थ कुठे आहेत? माइक त्यांच्याकडे द्या.