आजीची अंगठी आणि पारा

नमस्कार श्रोतेहो. आज पाऱ्याबद्दल बोलायचंय. पण आधी आजीच्या अंगठीबद्दल.

बडोद्याला दांडिया बाजारात आमचं घर. मला ताप आलेला. आजीनं थर्मामीटर झटकला, तो नेमका पलंगाच्या कडेवर. फरशीभर चकचकीत गोळ्या! गोळ्या पुढे, आजी पोस्टकार्ड घेऊन मागे. (तेव्हा घरोघरी पोस्टकार्ड असायचं. पत्रं बंद झाली तशी लोकांची अक्षरंही बिघडली, असो.) एक गोळी हट्टाला पेटली, आजीनं ती बोटानं दाबली आणि किंचाळली, "अग्गंबाई, माझं सोनं!" लग्नातली अंगठी पांढरीफटक. पदरानं पुसली, चिंचेनं घासली, ढिम्म. आजोबा पेपरातून म्हणाले, "कपाळाला हात लावूनही ताप कळतो."

दुसऱ्या दिवशी सोनारानं अंगठी तापवली, पारा उडाला, सोनं पिवळं झालं. उरलेला पारा आजीनं परसात पेरूखाली ओतला. "मातीत गेलं, संपलं."

तर ते संपलेलं नव्हतं.

सोनाराकडची ती वाफ, कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांच्या धुराड्यांमधली पाऱ्याची वाफ, हवेत महिनोन्‌महिने फिरते. झाडांची पानं ती शोषून घेतात. पान गळतं, कुजतं, पारा मातीत येतो. (पाचोळा पेटवला की परत हवेत. सकाळी सकाळी झाडलोट करून काडी लावणाऱ्यांना कुणी सांगायचं?) मातीत कुजलेल्या पाल्यातल्या गंधकाला पारा बिलगतो, अंगठीला बिलगला तसाच. मग पाऊस पडला की एकटा निघत नाही, त्या कुजीबरोबर आणि गाळाबरोबर ओढ्यात उतरतो. पुन्हा सांगतो, पारा एकटा वाहत नाही, कशाला तरी धरून वाहतो.

जिथे पाणी तुंबतं, प्राणवायू पोचत नाही, तिथले जिवाणू त्याचा मिथिल पारा करतात, म्हणजे अंगात साठणारं त्याचं विषारी रूप. तो लहान माशात, लहान माशातून मोठ्यात, साठत जातो. आपल्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीत तर मोठ्या माशाच्याही वर मगर बसलीय. जपानमध्ये मिनामाटाला 1956 साली उघडकीला आलेला आजार याच मिथिल पाऱ्याचा, फक्त तिथे तो कारखान्यातून थेट समुद्रात सोडला होता.

घरात जुना थर्मामीटर फुटलाच, तर खिडक्या उघडा, अंगठ्या-बांगड्या काढा, केरसुणी लावू नका. पोस्टकार्ड नसेल तर लग्नपत्रिका घ्या, गोळ्या घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा. मोरीत नको आणि पेरूखाली तर नकोच.